साडेतीन मिनिटांची भैरवी
(देवस्थानच्या उत्सवानिमित्त सभामंडपात दिलेले व्याख्यान)



असंख्य वेळा ऐकूनही ज्याने अंगावर काटा उभा राहतो, अशा एखाद्या गाण्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा झाली. निवडीसाठी मला विचार करावा लागला नाही. सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहां हो’. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल एवढीच, साडेतीन मिनिटांची.

भैरवीत ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल. त्यामुळे पुष्कळ गायक ही रागिणी गाताना आवाजही कोमल करतात, किंचित रडवा करतात, आणि श्रोत्यांना ते आवडतेही. केसरबाई तसे काही करीत नाहीत. गळा मोकळा, आवाज भरदार, सूर पहिल्या क्षणापासून जागच्या जागी. करुणा आहे, पण ती याचना करीत नाही. तबकडीवर वेळ मोजका, म्हणून घाई केली आहे असेही कोठे वाटत नाही. शब्द मागे टाकून स्वर आकारात शिरतो आणि श्वास कोठे घेतला हे कळू न देता वर चढत जातो, ती जागा मला पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच ती येण्यापूर्वीच रोमांच उभे राहतात. नावीन्य संपले की रसही संपतो असे म्हणणाऱ्यांनी ही तबकडी ऐकावी.

ही सिद्धी सहज आलेली नव्हती. बालपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे, पुढे बर्कतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले, अशी एकेकाकडून थोडी थोडी तालीम मिळाली. आणि १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची दीर्घ, कठोर तालीम. म्हणजे वयाच्या जवळजवळ तिसाव्या वर्षी नव्याने प्रारंभ! १९६९ साली पद्मभूषण लाभले. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र त्या फार काटेकोर होत्या. मागे राहिले ते थोडके.

त्या थोडक्यातील ही एक भैरवी कोठे गेली, ते आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली, एक २० ऑगस्टला आणि दुसरे ५ सप्टेंबरला. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविलेली आहे. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. जगभरातील सत्तावीस संगीतरचना आहेत, आणि भारतीय संगीताची एकच, ही भैरवी. संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचविली. परंतु मूळ ध्वनिमुद्रिका बाजारात मिळेना. अखेर अ‍ॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय मालाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात सापडली. व्हॉयेजर-१ हे यान २०१२ साली आणि व्हॉयेजर-२ हे २०१८ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. पहिल्याकडून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने यावयासही आज वीस तासांहून अधिक काळ लागतो. आणि केसरबाई? दुसरे उड्डाण झाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्यांनी देह ठेवला. मैफलीची सांगता भैरवीने होते, हा आपला संकेत. येथे तो असा पाळला गेला.

आता या सभामंडपात हा विषय का काढला, ते सांगतो. ‘केरकर’ म्हणजे आपल्या फोंडा महालातील केरी गावच्या. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे तिसवाडी, साष्टी, बारदेशातील देव नदी ओलांडून अंत्रुजात आले, तेव्हा पूजेअर्चेबरोबर संगीतसेवाही येथे रुजली. पालखीपुढे गाणारी, चौकात नाचणारी ती कलावंत घराणी. त्या सेवेच्या मोबदल्यात त्यांना काय मिळाले आणि काय सोसावे लागले, ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. त्यावर बोलणे मात्र शिष्टसंमत नव्हते. गाणे देवळातले, ऐकणारे महाजन, आणि गाणारीला प्रतिष्ठेचा पाट नाही! त्या समाजाने पुढे स्वतःच्या हिमतीने शिक्षण घेतले, ती प्रथा मोडली आणि मानाचे स्थान मिळविले. त्याचे श्रेय आपण घेऊ नये. कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ यांची नावे आज आपण अभिमानाने घेतो, ‘आमचे गोमंतकीय’ म्हणतो. तसे म्हणण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, हा प्रश्न ती भैरवी ऐकताना माझ्या मनात दर वेळी येतो, आणि अंगावरच्या काट्यात त्याचाही अंश आहे.

महाजनांची नावे नोंदवहीत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. पालखीपुढे गाणाऱ्यांची नावे कोठे आहेत? असलीच तर जमाखर्चात, तेल, वात, फुले, नगारा यांच्या खर्चाशेजारी एखाद्या ओळीत. कारकुनीत आयुष्य गेल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे की, माणूस विसरला गेला तरी त्याला दिलेला पैसा वहीत राहतो. 

आपल्या जुन्या वह्या अग्रशाळेतील माडीवरच्या कपाटात आहेत. काहींना वाळवी लागली आहे. काही मोडीत आहेत, काही पोर्तुगीजमध्ये. माझी समितीला विनंती आहे की येत्या पावसाळ्यापूर्वी त्या खाली आणाव्यात, उन्हे दाखवावीत, आणि त्यांत गायक-वादकांची जी नावे आढळतील ती पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीच्या आधी छापावीत. पोर्तुगीज वह्या वाचण्याचे काम मी करीन. मोडी जाणणारे कोणी असल्यास त्यांनी मला भेटावे. दर सोमवारी दुपारच्या आरतीनंतर मी अग्रशाळेतच असतो.