सुगीच्या दिवसांत लहान मुलांचे खेळ



पावसाळा सरला. आभाळ निवळलं. पहाटे गवतावर दव दिसू लागलं. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी हे सण याच दिवसांत येतात. सुगीही याच दिवसांत. कुठं भाताची कापणी, कुठं बाजरीची खुडणी, तर कुठं भुईमुगाची काढणी चालू असते.

अशा वेळी मी तुम्हाला लहान मुलांविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "बाई, आम्हाला घास खायला सवड नाही. पोरांशी खेळायचं कधी?"

तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच मी वेगळा वेळ मागत नाही. तुमच्या कामातलंच थोडं काम मुलाच्या हातात द्या, एवढंच माझं मागणं आहे.

तीन ते सहा वर्षांचं मूल

मूल तीन वर्षांचं झालं की सारखं विचारतं. हे काय? ते कशाला? दिसेल त्याला हात लावतं. आपण म्हणतो, "गप बस." फारच रडलं तर हातात मोबाइल देतो. मूल गप्प होतं. पण त्याचे हात थांबतात आणि प्रश्नही थांबतात.

काही आईबापांना दुसरीच घाई असते. चार वर्षांच्या मुलाला ते पाटीवर अक्षरं गिरवायला बसवतात. नीट आलं नाही की रागावतात.

तुम्ही स्वतः नुकतेच लिहायला शिकलात. पहिल्या दिवशी पेन्सिल धरली, तेव्हा बोटं कशी अवघडली ते आठवा. नांगर धरणारा हात, भाकरी थापणारा हात. पण एक उभी रेघ काढताना तो कापला. मग चिमुकल्या बोटांचं काय होत असेल? आधी बोटं तयार झाली पाहिजेत. डोळे आणि कान तयार झाले पाहिजेत. ती तयारी खेळातून होते.

बोर्डीची बालवाडी

ही गोष्ट आपल्याकडं फार पूर्वी ओळखली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी इथं खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. बोर्डी हे आजच्या पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं.

शहरातल्या बालवाडीची साधनं महाग होती. ती खेड्याला परवडणारी नव्हती. मग या दोघींनी पानं, बिया, खडे, शंख, शिंपले हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. म्हणून तिचं नाव अंगणवाडी पडलं. पुढं २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली. आज गावोगावच्या अंगणवाड्या त्याच योजनेत चालतात.

आता खेळ सांगते. एकालाही पैसा लागत नाही.

भुईमुगाच्या शेंगा

शेंगांचा ढीग पडला की मुलाला पाच-सात शेंगा द्या. फोडण्याआधी विचारा, "हिच्यात दाणे किती असतील?" मूल शेंग चाचपेल, कानाशी हलवून पाहील आणि अंदाज सांगेल. मग शेंग फोडू द्या.

एका दाण्याच्या शेंगांची टरफलं एका ओळीत लावा. दोन दाण्यांची दुसऱ्या ओळीत आणि तीन दाण्यांची तिसऱ्या ओळीत. कोणती ओळ लांब झाली ते मुलालाच सांगू द्या. आकडा न लिहिता मूल हिशेब शिकलं. शेंग फोडताना चिमटीत बळही आलं. उद्या पेन्सिल धरायची ती याच चिमटीनं.

बिया फिरायला जातात

पाऊस संपताना तेरड्याच्या शेंगा पिकतात. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फट्कन फुटते आणि बिया उडतात. मुलं हसून लोळतात.

बांधावरून चालताना कुसळं कपड्यांना चिकटतात. घरी आल्यावर मुलाबरोबर ती काढा. काढता काढता विचारा, "ही तुझ्याबरोबर का आली असतील?" त्याला काय सुचतं ते ऐका. मग सांगा. सगळ्या बिया आईच्या पायाशीच पडल्या, तर तिथं दाटी होईल. म्हणून त्या दूर जातात. तेरड्याची बी उडून जाते. कुसळ दुसऱ्याच्या कपड्यावर बसून जातं.

झेंडू आणि आपटा

दसऱ्याला झेंडूची माळ करता, तेव्हा मुलाला फुलं मांडू द्या. एक पिवळं, एक केशरी, पुन्हा एक पिवळं. पुढं कोणतं, ते त्यानं सांगायचं. ओवायची सुई मात्र तुमच्याच हातात ठेवा.

आपट्याचं पान मधोमध दुमडा. दोन्ही पाळ्या एकमेकींवर बसतात. मग कडुलिंबाचं, आंब्याचं आणि वडाचं पान आणा. मोठं कोणतं? खरखरीत कोणतं? चुरगाळल्यावर वास कशाला येतो? डोळे मिटून ओळखायला सांगा. सोन्यासाठी आपट्याच्या फांद्या ओरबाडू नका. मुलाला एक पान पुरे.

काठीची सावली

अंगणात एक काठी सरळ रोवा. बरोबर दुपारी बारा वाजता तिची सावली जिथं संपते, तिथं खडा ठेवा. आठ दिवसांनी त्याच वेळी दुसरा खडा ठेवा. दिवाळीपर्यंत असंच करा. दर आठवड्याला खडा पुढं सरकलेला दिसेल. कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कलतो, दिवस लहान होतो आणि सावली लांबते. ही खड्यांची रांग म्हणजे मुलाचं पहिलं पंचांग.

दिवाळीचा किल्ला

किल्ल्याची माती मुलांनाच कालवू द्या. कपडे मळतील, मळू द्या. माती थापून बोटं बळकट होतात. किल्ल्यावर मोहरी किंवा हळीव पेरा. पाणी घालायचं काम मुलाला द्या. कोंब वर आला की ते तुम्हाला ओढत न्यायला येईल. तेव्हा हातातलं काम क्षणभर ठेवा आणि जाऊन पाहा.

चार गोष्टी सांभाळा

खेळ खरे, पण डोळा ठेवून.

१. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका असल्या वस्तू मूल नाकात किंवा कानात घालतं. घशात अडकल्या तर जीव जातो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती दाणे आणि बिया देऊ नका. मोठं मूल खेळत असलं, तरी जवळ मोठं माणूस हवं.

२. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, पण विषारी. धोत्रा, एरंडी, कण्हेर यांच्या बियाही विषारी. यांतली एकही खेळात नको. मुलानं खाल्लीच तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखान्यात न्या. बी बरोबर न्या.

३. कापलेल्या पेंढ्यांखाली आणि गवताच्या गंजीत साप दडतो. तिथं मुलांना हात घालू देऊ नका. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं जाऊ नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि दवाखाना गाठा.

४. थोरल्या मुलीला धाकट्यासाठी शाळेतून घरी ठेवू नका. सुगीत हे फार घडतं. दाणे घरात येतात, पण पोरीचं वर्ष जातं. धाकट्याला अंगणवाडीत पाठवा. थोरलीला शाळेत जाऊ द्या.

मंडळी, सुगीत आपण दाणा दाणा वेचतो. एक लोंबी मागं राहिली तरी वाकून उचलतो. मुलाचा प्रश्न त्या लोंबीसारखाच आहे. तोही वाकून उचला.

करून पाहा

१. आज मुलाला पाच शेंगा द्या. आत किती दाणे आहेत ते त्याला आधी विचारा.

२. या धड्यातल्या विषारी बियांची नावं पाटीवर लिहा आणि घरात सर्वांना वाचून दाखवा.

३. मुलानं आज काय विचारलं? तो प्रश्न तुमच्या हातानं वहीत लिहून ठेवा.