विमान एकाचं नाही, क्लबचं

कल्याण, मुरबाड, शहापूरच्या आपल्या गटांत एक वाद नेहमी होतो. भात मळणीचं यंत्र सामाईक घेतलं, तर आधी कोणाच्या खळ्यावर न्यायचं?

विमानाच्या क्लबांनाही हा प्रश्न सोडवावा लागतो. १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. विमान महाग, म्हणून ते क्लबचं. सभासदांनी पैसे भरून पाळीने उडवायचं. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३६ साली लाहोरच्या क्लबमध्ये सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान उडवलं.

नाव उडवणाऱ्याचं होतं. पण मागे शिकवणारे, इंजिन तपासणारे, पाळी लावणारे असतात. प्रत्येक उड्डाणाची वहीत नोंद होते.

आपणही कापणीआधीच्या बैठकीत ठरवू या: पाळीसाठी चिठ्ठ्या टाकायच्या, तासांची वही ठेवायची, दुरुस्तीचे पैसे वेगळे काढायचे. आणि वही लिहिणाऱ्या ताईला मान द्यायचा. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. मोडलेला गट पुन्हा जुळवणं फार अवघड.