पाण्यातली थंडी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने सांगितलं, काका, सहलीबद्दल थोडं बोला. सिंधुदुर्ग किल्ला आणि सोलकढी यावर बाकीचे बोलतीलच. मी फक्त थंडीवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, कोकणात कसली थंडी? डिसेंबरात आपण सावेडीत स्वेटर घालून दूध आणायला जातो आणि तिकडे तारकर्लीला पंखा लावून झोपलो. खरं आहे, आणि तिथंच फसलो.

स्कूबा डायव्हिंगच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. रक्तदाब, दमा, हृदयविकार वगैरे. आपल्यातल्या एका सभासदांनी (नाव सांगत नाही, पुढच्याच रांगेत बसलेत) मला हळूच सुचवलं, 'नाही'वर टिक करून टाका. आयुष्यभर बँकेत लोकांना डिक्लरेशन खरं भरा म्हणून बजावलं, आता स्वतः खोटं कसं भरू? बी.पी.ची गोळी लिहिली. त्यांनी मला नम्रपणे होडीतच बसवलं. बारा वर्षांची नात मात्र खाली गेली.

पंधरा-वीस मिनिटांनी ती वर आली तेव्हा ओठ जांभळे आणि दातावर दात वाजताहेत. विचारलं, थंडी वाजली का गं? म्हणाली, "नाही आबा, मस्त होतं." संध्याकाळी खरं सांगितलं. पाण्याखाली प्रशिक्षकाने खूण करून विचारलं तेव्हा तिने अंगठा आणि बोट जुळवून 'ठीक आहे' दाखवलं. थंडी वाजते म्हटलं तर वर काढतील, ही भीती. दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळायचे, ही थंडीची खूण आहे. ती तिला शिकवलेली होती!

आता पाणी काही बर्फाचं नव्हतं. तिथला समुद्र साधारण 27-28 अंशांचा असतो. पण आपलं शरीर 37 अंशांचं, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने वाहून नेतं. तुमच्यातल्या ज्यांनी लहानपणी कमरेला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत पोहणं शिकलंय, त्यांना हे ठाऊक आहे. माघातल्या सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागायचं, वाफ निघायची. अर्ध्या तासाने काठावर आलो की बोटांना सदऱ्याची गुंडी लागायची नाही. डायव्हिंगमध्ये आणखी एक भर असते. टाकीतली हवा थंड आणि कोरडी येते, तीही प्रत्येक श्वासाला शरीरालाच गरम करावी लागते.

मग तो काळा रबरी वेटसूट कशाला? मला वाटायचं, त्यात पाणी शिरत नसेल. शिरतं. अंग आणि सूट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाने गरम होतो आणि तिथंच राहतो. खरी राखण करतात ते त्या रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. घोंगडीचंही तसंच आहे, ती ऊब तयार करत नाही, असलेली जाऊ देत नाही. बँकेच्या भाषेत, सूट काही जमा करत नाही, खात्यातून पैसे काढण्याचा वेग तेवढा कमी करतो. खोल गेलं की बुडबुडे दबतात आणि ऊब घटते. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो.

आमच्या नातीचा सूट दोन नंबर ढगळ होता. हात हलवला की मानेतून नवं गार पाणी आत, कोमट झालेलं बाहेर. गोधडीचं टोक सारखं कोणी उचलावं तसं. मी जवळ उभा होतो, पण सूट अंगाला घट्ट बसायला हवा हे मला माहीत नव्हतं. उलट, "सैल आहे ते बरं, श्वास घेता येईल," असं मीच म्हणालो. ते अजून मनाला लागून आहे.

दुसरी चूक होडीत झाली. ओल्या अंगावर वारा. पोरं ओल्या सूटमध्येच फोटो काढत बसली आणि कोरडे कपडे राहिले बसमध्ये. कोरियाच्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायका, हेन्यो, साठ वर्षांपूर्वी सुती कपड्यांत बुडी मारत, हिवाळ्यातसुद्धा. वर आल्या की किनाऱ्यावर दगडांचा आडोसा आणि त्यात शेकोटी तयार. आमच्या होडीत वाऱ्याला साधी चादर नव्हती.

दारूने ऊब येते म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य. कातडी गरम लागते, आतलं शरीर आणखी गार होतं. हातपाय जोरात चोळूही नयेत. ओलं काढा, पुसा, डोकं झाका, गरम गोड चहा द्या. आणि कुडकुडणं थांबलं पण पोर गुंगल्यासारखं, अडखळत बोलतंय, तर बरं वाटलं असं समजू नका, तडक डॉक्टर गाठा. आपल्या वयाच्या मंडळींना तर थंडी कळतेच उशिरा.

जानेवारीत पुन्हा जायचं ठरतंय, यादी सेक्रेटरींकडे आहे. नातीने नाव दिलंय. सूट घालून, हात वर करून, मानेपाशी बोट घालून बघायचं, हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. मी होडीतच बसणार आहे. दोन थर्मास, चहाचा एक आणि नुसत्या गरम पाण्याचा एक, माझ्याकडे लागले. टॉवेल आणि कानटोप्या मात्र ज्याने त्याने आणाव्यात.