लहान विमानतळाची जमीन : जुहूचा धडा



१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन निघालेले एक छोटे विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. वैमानिक होते जे. आर. डी. टाटा. पुढे ज्या सेवेतून एअर इंडिया उदयास आली, तिचा तो शुभारंभ होता. १९२८ पासून वापरात असलेले जुहूचे हे मैदान सखल होते. पावसाळ्यात तेथे पाणी भरे आणि विमानांसह सारा कारभार पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर हलवावा लागे. त्या काळी अडचण पाण्याची होती, जागेची नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर नियमित प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुहूकडे लहान विमाने आणि कालांतराने मुख्यत्वे हेलिकॉप्टरे राहिली. समुद्रातील तेलविहिरींवर माणसे नेणारी हेलिकॉप्टरे येथूनच उडतात. तथापि एकीकडे समुद्र आणि उरलेल्या बाजूंना दाट वस्ती अशा कोंडीत हा विमानतळ सापडला आहे. धावपट्टी वाढविण्यास वाव उरला नाही. दुसरीकडे, उंचीच्या निर्बंधांमुळे भोवतालच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकासही अडतो. विमानतळ आणि वस्ती यांनी एकमेकांचा मार्ग रोखावा, ही स्थिती एका दिवसात उद्भवली नाही. एकेका परवानगीने ती घडत गेली.

नियमित प्रवासी वाहतुकीखेरीज विमानांचे जे उपयोग आहेत, त्यांसाठी लहान विमानतळ असतात. वैमानिकांचे प्रशिक्षण, अत्यवस्थ रुग्णाची ने-आण, आपत्तीच्या वेळी मदत, खाजगी व शासकीय प्रवास ही कामे तेथून होतात. विमानांची संख्या थोडी असल्यामुळे अशा ठिकाणी नियोजनाची निकड भासत नाही. नेमका तेथेच दोष राहतो.

नियोजनाचा आरंभ वाऱ्यापासून होतो. वर्षाच्या निदान ९५ टक्के काळात आडव्या वाऱ्याचा अडथळा होऊ नये, अशा दिशेने धावपट्टी आखावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ही दिशा एकदा ठरली की अन्य सर्व गोष्टींच्या जागा तिच्या अनुरोधाने ठरतात. धावपट्टीच्या दोन्ही टोकांची जमीन भावी विस्तारासाठी व सुरक्षिततेसाठी मोकळी ठेवावी. हँगर, विमाने उभी करण्याचे पटांगण, इंधनसाठा, अग्निशमन केंद्र आणि प्रशिक्षणाच्या इमारती शक्यतो एकाच बाजूस, पुरेसे अंतर राखून, टप्प्याटप्प्याने उभाराव्यात. पहिलाच हँगर सोयीची जागा म्हणून धावपट्टीलगत बांधला, तर दहा वर्षांनी तोच विस्ताराच्या आड येतो. पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा मात्र इमारतींच्या आधी तयार हवा. जुहूच्या पहिल्या पावसाळ्यांनी शिकविले ते हेच. विमानतळाला उत्पन्न हवे म्हणून काही जमीन भाडेपट्ट्याने देण्यास हरकत नाही. परंतु उड्डाणासाठी लागणारी जमीन पूर्णपणे राखून ठेवल्यावरच उरलेल्या जमिनीचा विचार व्हावा.

कुंपणाच्या आतील जमीन विमानतळाच्या ताब्यात असते, बाहेरील जमीन गावाची असते. विमान मात्र गावाच्या जमिनीवरूनच खाली येते. वैमानिक नुसत्या नजरेने उतरतो अशा, ८०० ते १२०० मीटर लांबीच्या धावपट्टीचे उदाहरण घ्यावे. तिच्या टोकापासून ६० मीटरवर एक अदृश्य उतार सुरू होतो. तो २५ मीटर अंतरास १ मीटर या प्रमाणात चढत जातो. म्हणजे तेथून १०० मीटरवर अवघी ४ मीटर आणि ५०० मीटरवर २० मीटर उंची मोकळी मिळते. ही उंची धावपट्टीच्या पातळीपासून मोजावयाची असल्यामुळे, चढावरच्या जमिनीवर तेवढे बांधकामही बसत नाही. घर, पाण्याची टाकी, मनोरा किंवा निलगिरीची रांग, या उतारास छेद देणारी प्रत्येक वस्तू धोक्याची ठरते. उंचीच्या निर्बंधांसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. उकिरडा आणि कत्तलखाना यांचाही विचार करावा लागतो, कारण त्यांच्याकडे पक्षी आकर्षित होतात व पक्ष्याची धडक लहान विमानास घातक ठरू शकते. म्हणूनच विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर घाण टाकण्यास विमानविषयक नियमांनी बंदी घातली.

याचा अर्थ भोवतालची जमीन पडीक राहावी असा नाही. शेती चालू शकते, बुटकी गोदामे व कार्यशाळा चालू शकतात. शाळा, रुग्णालय आणि दाट वसाहत मात्र धावपट्टीच्या सरळ रेषेत नसावी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या योजनांत हे आधीच दर्शविता येते. तसे न झाल्यास हानी सामान्य माणसाची होते. आयुष्याची पुंजी घालून भूखंड घ्यावा आणि मागाहून त्यावर घर बांधता येत नाही असे कळावे, याहून मोठा अन्याय कोणता? शेतकऱ्यालाही आपल्या जमिनीवरील निर्बंध विक्रीच्या दिवशी नव्हे, आरंभीच समजले पाहिजेत.

येथे ग्रामपंचायतीचे कार्य सुरू होते. उंचीचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा, ग्रामसभेत तो सोप्या भाषेत समजावून द्यावा, बांधकामाचा प्रत्येक अर्ज त्याच्याशी पडताळावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना धावपट्टीचा उतार गणिताच्या तासाला काढावयास सांगितल्यास नियमाचे कारण घरोघर पोहोचेल. महसूल अधिकाऱ्यांनी अकृषिक परवानगी देण्यापूर्वी विमानतळाकडे विचारणा करावी.

ज्या बाँबे फ्लाइंग क्लबने जुहू येथे वैमानिक घडविले, त्याचे उड्डाण-प्रशिक्षण पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर होऊ लागले. महानगराला जे अवकाश राखता आले नाही, ते जिल्ह्याने पुरविले. जुहूला गमावलेली जमीन परत मिळणार नाही. जिल्ह्यांतील धावपट्ट्यांभोवती जी जमीन अद्याप मोकळी आहे, तिच्याविषयीचा निर्णय पुढील परवानगीच्या कागदावर सही होण्यापूर्वी व्हावयास हवा.