घरातली वस्तू, परसातली माती



अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायका वालाचं, घेवड्याचं बी राख चोळून मडक्यात ठेवत आल्या आहेत. राखेमुळे बियाला भुंगा लागत नाही. परसबागेला लागणारं बरंच सामान असं स्वयंपाकघरातच असतं. मात्र ते वापरताना आपली माती कोणती, हे आधी पाहायला हवं.

नगर, नेवासे, शेवगाव भागातली काळी माती बहुधा चुनखडीची. अंड्याची टरफलं आणि राख टाकली, की तिच्यात चुन्याचीच भर पडते. चुना जास्त झाला, की मुळांना लोह मिळत नाही. मग गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा झाडाला शेणखत द्या, भाजीच्या देठांचं आणि धुतलेल्या चहाच्या चोथ्याचं कुजलेलं खत द्या. भंडारदरा-घाटघरकडे मात्र धो धो पावसाने मातीतला चुना वाहून जातो. तिथल्या तांबड्या मातीला मूठभर राख मानवते.

तण मारायला मीठ टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. राहुरी-श्रीरामपूरकडे कालव्याच्या पाण्याने कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. परसात ते संकट हाताने ओढवून घेऊ नये. कपड्यांच्या साबणाचं पाणीही रोज एकाच झाडाला घालू नका.

आता हमखास उपयोगाच्या गोष्टी सांगते. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याची बचत पहिली. जुना, रंग न दिलेला माठ दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि डास होऊ नयेत म्हणून झाकण ठेवा. माती सुकली की माठ पाझरतो, ओली असली की पाझर मंदावतो. आळ्यात पालापाचोळा पसरा. हिरवळ असेल, तर कापलेलं गवत पातळ पसरून तिथेच राहू द्या. ते कुजलं, की त्यातलं नत्र मातीला परत मिळतं.

मावा दिसला, तर 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. भोपळ्याच्या पानांवर भुरी दिसू लागताच एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं मिश्रण सकाळच्या उन्हात फवारा. आधी एका पानावर करून पाहा.

आणि एकदा माती तपासून घ्या. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहेत. मातीचा सामू, म्हणजे पीएच, कळला, की घरातलं काय बागेत घालायचं आणि काय नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.