विहिरीचे पाणी
(धर्मग्रामाच्या जुबिली समारंभात केलेले भाषण)



जुबिलीच्या दिवशी वक्त्याने पूर्वजांचे स्तवन करावे, मंदिराच्या बांधणीचा इतिहास सांगावा आणि दात्यांचे आभार मानावेत, असा शिरस्ता आहे. ते कार्य आमच्याहून अधिक योग्य वक्त्यांनी आताच यथासांग केले असल्यामुळे, आम्ही एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी बोलण्याची मोकळीक घेतो. ती वस्तू म्हणजे विहिरीचे पाणी.

क्षुल्लक म्हणावयाचे ते इतक्याचसाठी की, ती रोजची आहे. सकाळी चूळ भरताना कोणी विस्मयाने थबकत नाही. परंतु आम्हां वसईकरांनी खरोखर थबकावयास हवे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी. तिन्ही बाजूंनी खारे पाणी, आणि मध्ये आमच्या वाडीत जमीन खणली की गोडे पाणी लागते! हे घडते कसे? पावसाचे पाणी जमिनीत झिरपते आणि तेथे पूर्वीच मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. कारण खारे पाणी किंचित जड, गोडे हलके. गायबेन नामक डच व हर्झबर्ग नामक जर्मन अशा दोघा विद्वानांनी १९०० च्या आगेमागे याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. देवाच्या औदार्याचे हे माप पाहून मन थक्क होते. पण हाच हिशेब उलटाही चालतो. वरचे एक फूट आपण उपसून संपविले, तर खालून खारे पाणी ४० फूट वर चढू लागते.

आमच्या पूर्वजांस हे गणित ठाऊक नव्हते. शिस्त मात्र ठाऊक होती. रहाटाला जुंपलेला बैल फेरे घालीत असे, गाडग्यांची माळ रित्या तोंडाने खाली जाई व भरून वर येई, आणि पाटाने पाणी केळीच्या व पानवेलीच्या मुळाशी पोहोचे. बैल थकला की उपसा थांबे. त्या थांबण्यात विहिरीलाही विसावा मिळे. शिवाय वाडीवाडीत बावखले होती. पावसाळ्यात ती तुडुंब भरत आणि पुढे कित्येक महिने आपले पाणी हळूहळू जमिनीच्या स्वाधीन करीत. लग्नघरातील बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणीत, हा उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांचा जुना रिवाज. नवरदेवाच्या स्नानाला पाणी घरातही असेच की! तरी विहिरीकडे जावयाचे, तिला मान द्यावयाचा.

पुढे यंत्रे आली. विजेचा पंप थकत नाही, आणि जो थकत नाही त्याला थांबण्याचे कारणही सुचत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, २०२४ साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांस जागे केले, तेव्हा आम्हीही सभांना गेलो व टाळ्या वाजविल्या. त्यानंतर आम्ही काय केले, ते सांगण्यास संकोच वाटतो. पण देवाच्या मंदिरात आडपडदा कशाला? आम्ही आमच्या वाडीतील बावखल भरून टाकले. डासांचे निमित्त सांगितले. खरे कारण जागेचा भाव हे होते. एका बावखलाने विहीर खारी होत नसते, हे खरे. परंतु शेजाऱ्यांनीही नेमका हाच युक्तिवाद केला होता.

एका चैत्रात सकाळचा चहा खारट लागला. आमची आय त्या वेळी अंथरुणाला खिळलेली होती. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारले, “विहिरीला काय केलेत रे?” घरात कोणालाही उत्तर देता आले नाही. तोवर आम्ही त्या पाण्याबद्दल जन्मात एकदाही देवाचे आभार मानले नव्हते. भाकरीपुढे हात जोडले, औषधापुढे जोडले. तांब्याभर पाण्यापुढे कधीच नाही.

शोमरोनी स्त्रीची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. आम्हांस तीत आता एक गोष्ट विशेष जाणवते. प्रभू विहिरीच्या काठाशी तहानलेला बसला आहे आणि त्याच्यापाशी पोहरा नाही. ज्याने समुद्राला सीमा घातल्या, तो एका बाईकडे पाणी मागतो! मिस्साबलिदानातही द्राक्षारसात धर्मगुरू पाण्याचा थेंब मिसळतात. तो थेंब इतका लहान की मागच्या बाकावरून दिसतही नाही. पण तो टाळला जात नाही.

जुबिलीचा मूळ अर्थही येथे आठवावा. लेवीय ग्रंथाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी शेत पेरावयाचे नाही. जमिनीला विसावा द्यावयाचा आणि ज्याचे त्याला परत करावयाचे. आम्ही विहिरीचे देणेकरी आहोत. म्हणून दोन वर्षांपूर्वी घरातील मुलांच्या आग्रहाने त्या भरावाचा एक कोपरा पुन्हा खणून घेतला. जुने बावखल काही परत आले नाही, खड्डाच तो. पण गेल्या पावसाळ्यात तो भरला, त्यात एक बेडूक ओरडू लागला, आणि आमच्या झोपमोडीची तक्रार घरात कोणीही ऐकून घेईना. विहीर अद्याप पुरती गोडी झालेली नाही. पौषापर्यंत पाणी पिण्याजोगे राहते, पुढे पुन्हा मचूळ होते. पूर्वी मार्गशीर्षातच होत असे.

आता जेवणाची घंटा होईल, तेव्हा आम्ही आवरते घेतो. मंडपाच्या दाराशी मातीचा एक माठ ठेवला आहे. त्यात मंदिराच्या आवारातील विहिरीचे, आज पहाटे शेंदलेले पाणी आहे. सरबताच्या टेबलाकडे वळण्यापूर्वी प्रत्येकाने त्यातील एक घोट घ्यावा, ही विनंती. पेले थोडे आहेत. वडीलधाऱ्यांना आधी द्यावे.