सागरकिनाऱ्याची वाट आणि पेट्रोलची शिदोरी

पूर्वी कोकणात जावयास निघालेला मनुष्य आधी शिदोरी बांधी आणि मग गाडी जोडी. मुक्काम कोठे पडेल, विहीर कोठे लागेल, बैलांना वैरण कोठे मिळेल, याचा विचार घरातील वडील माणसे आदल्या रात्रीच करून ठेवीत. आज बैल गेले आणि मोटारसायकल आली. परंतु वाहनालाही भूक असते, ही गोष्ट काही बदलली नाही. फरक इतकाच की, उपाशी बैल निदान पुढच्या पाणवठ्यापर्यंत पाय ओढीत जातो. पेट्रोल संपलेली गाडी जागची हलत नाही, उलट तिलाच ओढीत न्यावे लागते.

समुद्राच्या कडेकडेने अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोटारसायकलने जावे, अशी हौस अलीकडे पुष्कळ तरुणांना वाटते आणि ती स्तुत्यही आहे. परंतु नकाशावर सरळ दिसणारी ही वाट प्रत्यक्षात सरळ नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद खाड्या होतात आणि प्रत्येक खाडी किनाऱ्याचा रस्ता तोडते. राजपुरीची खाडी आगरदांडा व दिघी यांना वेगळे करते. सावित्रीची खाडी बागमांडले व वेसवी यांना. वाशिष्ठीची दाभोळ व धोपावे यांना. आणि शास्त्री नदीची खाडी तवसाळ व जयगड यांना. या चारही ठिकाणी वाहने पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. तथापि पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत प्रवाशाचा भरवसा बोटीवरच राहणार.

पेट्रोलपंपांची स्थिती याच भूगोलावर अवलंबून आहे. पंप चालावयाचा तर टँकर सुखरूप पोहोचला पाहिजे आणि विक्रीही पुरेशी झाली पाहिजे. म्हणून मुंबई-गोवा महामार्गावर पंप जागोजाग आढळतात, आणि समुद्राकडे वळताच ते विरळ होतात. किनाऱ्याच्या बाजूस अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी मोठी गावे हीच भरवशाची ठाणी समजावीत. मधल्या एखाद्या गावी पंप लागला तर तो लाभ मानावा. हिशेबात मात्र धरू नये.

आता हिशेब कसा करावा ते पाहू. समजा, एक तरुण पतीपत्नी दापोलीहून गुहागरास निघाली आहेत. दापोली ते दाभोळ सुमारे २८ किलोमीटर, मग बोट, आणि धोपाव्याहून गुहागर सुमारे १७. एकूण ४५ किलोमीटर. गाडी लिटरला ३० किलोमीटर देत असेल, तर दीड लिटर पेट्रोल पुरे, असे कोणीही म्हणेल. परंतु ती दोघे दाभोळच्या धक्क्यावर पोहोचली तेव्हा दिवस मावळला आहे आणि त्या दिवशी वाऱ्यामुळे बोट लवकर बंद झाली आहे. पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसताहेत, पण तेथे जावयास वाट नाही. आता परत दापोली, तेथून खेड, चिपळूण आणि मग गुहागर, असा शंभर किलोमीटरांहून अधिक वळसा पडणार. दापोलीस पोहोचेपर्यंत तेथील पंप बंद झाला, तर महामार्ग गाठणे भागच आहे. म्हणजे दापोलीहून दाभोळ, दाभोळहून परत दापोली आणि पुढे खेडजवळचा महामार्ग, मिळून ८५ ते ९० किलोमीटर. त्याला तीन लिटर हवेत. शिवाय दोन लिटर राखीव. एकूण पाच लिटर टाकीत नसतील, तर दापोली सोडूच नये.

यावरून नियम असा निघतो: पेट्रोल मोजावयाचे ते बोट मिळेल या आशेने नव्हे, बोट चुकेल या शंकेने. प्रत्येक खाडीपूर्वी ‘येथून परत फिरावे लागले तर कोठपर्यंत जाता येईल?’ हा एकच प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर टाकीत असावे.

अ‍ॅव्हरेजविषयीही पुष्कळांची फसगत होते. महामार्गावर एकट्याने चालविलेली गाडी जे अंतर देते, तेच ती पाठीमागे माणूस व दोन्ही बाजूंस सामान घेऊन, चढउतारांच्या आणि वळणावळणांच्या रस्त्यावर देईल असे मानणे चूक होय. नेहमीच्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. त्यातच २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून अंतरात थोडी घट येणे स्वाभाविक आहे. इथेनॉल पाणीही ओढून घेते. यास्तव दमट किनाऱ्यावर टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करणे हिताचे नाही.

जुन्या गाड्यांना रिझर्व्हची कळ असे. गाडी आचके देऊ लागली की कळ फिरवावी आणि सावध व्हावे, अशी ती सोय होती. २०२० पासून नव्या गाड्यांना कडक प्रदूषणमानके लागू झाली आणि कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्यांत कळ नाही, केवळ दिवा लागतो. शिवाय इंधन ढकलणारा पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. टाकी वारंवार तळाशी नेल्यास त्या पंपाचे आयुष्य घटते. तेव्हा दिवा लागण्याची वाट न पाहता टाकी अर्धी झाली की पुढच्या ठाण्यावर ती भरावी, हा नेम बरा.

रेल्वेने गाडी पाठविणारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पार्सलात चढविण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. रत्नागिरीचे स्थानक शहराबाहेर आहे. उतरल्यावर पहिले लिटर कोठून आणावयाचे, हे आधीच ठरलेले असावे.

निसर्गाचा कोपही हिशेबात धरावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब कोसळले आणि कित्येक दिवस वीज आली नाही. पंपाची यंत्रे विजेवर चालतात. जनित्र नसेल तर जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल असूनही ते वर येत नाही. वीज नसली की मोबाइलवरून पैसे देणेही अडते. म्हणून खिशात थोडी रोख रक्कम असावी. वादळाची सूचना असेल, तर प्रवासच पुढे ढकलावा, यात कमीपणा नाही.

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल नेणे हा मात्र उपाय नव्हे. उन्हात तापलेल्या बाटलीतून वाफ सुटते आणि एक ठिणगी पुरते. न्यावयाचेच असेल तर त्यासाठी मान्य केलेला धातूचा डबा घ्यावा, तो काठोकाठ भरू नये, आणि फेरीबोटीवर चढण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोकणातील मनुष्य आतिथ्यशील आहे. अडलेला पाहुणा दारी आला तर तो आपल्या गाडीतून लिटरभर पेट्रोल काढून देईल आणि पैशाचे नावही काढणार नाही. परंतु ते लिटर तेथे कशासाठी ठेवलेले असते, याचा विचार शहरातील प्रवाशाने करावा. आडगावात रात्री कोणाला साप चावला, कोणा बाईला कळा सुरू झाल्या, तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत धावणारी ती एकच गाडी असू शकते. प्रवाशाच्या आळसाची किंमत अशा घराने द्यावी, हे योग्य नव्हे.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री घरच्यांसमवेत बसावे. एका कागदावर गावे, त्यांमधील अंतरे, बोटींच्या वेळा आणि परत फिरण्याचा मार्ग लिहावा. आणि तो कागद पाठीमागे बसणाराच्या खिशात द्यावा. चालविणाराचे लक्ष समुद्राकडे गेले तर हिशेबाकडे लक्ष ठेवणारे कोणी तरी असले पाहिजे. शिदोरी बांधणारे हात बहुधा तेच असतात.